ईमॅक्समधली पॅकेजं उडवली तेव्हा

मागच्या महिन्यात ऐन कामाच्या घाईत मला दुर्बुद्धी सुचली. ईमॅक्समध्ये (मी ज्यात कोड लिहितो तो टेक्स्ट एडिटर) पॅकेजची, म्हणजे त्याला वरून जोडायच्या सोयींची, यादी उघडली, कॅपिटल यू दाबला, मग एक्स, म्हणजे झाडून सगळी पॅकेजं अपडेट. बंद करून परत चालू केलं तर खाली एरर आणि माझे निम्मे शॉर्टकट गायब.

मग नेहमीचा उद्योग. डॅश कॅपिटल क्यू देऊन उघडलं, म्हणजे आपली कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, अजिबात न वाचता, तर व्यवस्थित चालू, म्हणजे घोळ आपल्याच फाइलमध्ये. मग अर्धी फाइल कमेंट करा, उघडून बघा, ज्या अर्ध्यात प्रॉब्लेम आहे त्यातली परत अर्धी, असं करत करत सात-आठ फेऱ्यांत चोर सापडला. एका पॅकेजवाल्याने एका फंक्शनचं नाव बदललं होतं आणि मी आपला जुन्याच नावाने हाका मारत बसलो होतो.

त्याला तरी काय बोलणार. मेल्पा, म्हणजे जिथून ही पॅकेजं येतात त्यातलं एक भांडार, पॅकेज बांधतं ते सरळ गिटमधल्या (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) ताज्या कमिटवरून, म्हणजे शेवटी नोंदवलेल्या बदलावरून, म्हणून तर तिथे व्हर्जन नंबर म्हणजे चक्क तारीख आणि वेळ असते. लेखकाने रात्री काहीतरी अर्धवट ढकललं तर सकाळी ते आपल्या गळ्यात. मेल्पा स्टेबल आहे, ते लेखकाने नव्या व्हर्जनचा टॅग लावल्याशिवाय नवं काही घेत नाही, पण मग काही पॅकेजं तिथे वर्षानुवर्षं जुनीच पडून असतात. ग्नू एल्पा हे ईमॅक्सचं स्वतःचं भांडार, त्याचं वेगळंच, तिथे कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यावा लागतो, एवढं कोण करतो? नॉन-ग्नू एल्पामध्ये ती अट नाही आणि २०२२ च्या ईमॅक्स २८ पासून ते आपोआप चालूच असतं.

तर बसलोच आहे म्हणून मोजली, ९३ पॅकेजं! त्यात ११ नुसत्या थीम. चिडून पॅकेजं जिथे उतरतात ते एल्पाचं फोल्डरच बाजूला हलवलं आणि ठरवलं की बोटांना ज्याची आठवण येईल तेवढंच परत टाकायचं.

दहा मिनिटं पण गेली नाहीत आणि मॅगिट, म्हणजे ईमॅक्समधूनच गिट चालवायचं पॅकेज, परत आलं. गिटच्या कमांड मला येत नाहीत असं नाही, पण एका फाइलमध्ये दोन वेगळे बदल केलेत, एक बगचा आणि एक असाच जाता जाता केलेला, तर मॅगिटमध्ये फक्त त्या चार ओळी सिलेक्ट करायच्या, एस दाबायचा, तेवढ्याच स्टेज होतात, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडल्या जातात, मग सी सी आणि मेसेज. हे टर्मिनलमध्ये करून बघा, मग बोलू.

दुसऱ्या दिवशी व्हर्टिको आणि ऑर्डरलेस, एक पर्यायांची यादी दाखवतं आणि दुसरं त्यात जुळणी करतं. मला कमांडचं नाव कधीच पूर्ण आठवत नाही, मधलेच दोन तुकडे आठवतात, ते पण उलट्या क्रमाने, ऑर्डरलेसला ते चालतं.

गंमत म्हणजे बऱ्याच गोष्टी टाकाव्याच लागल्या नाहीत. यूज-पॅकेज (पॅकेजची सेटिंग नीट मांडायला) आणि एग्लॉट (कोड लिहिताना चुका आणि सूचना दाखवायला) २०२३ च्या ईमॅक्स २९ पासून आतच आहेत, विच-की (पुढे कुठल्या की दाबता येतात ते दाखवणारं) २०२५ मध्ये ३० बरोबर आत आलं, मी उगाच वेगळी ओढत होतो. मराठी टाइप करायला पण काही लागत नाही, कंट्रोल आणि उलटा स्लॅश दाबून देवनागरी-आयट्रान्स निवडलं की झालं. (आणि एक काळ असा होता की पॅकेज मॅनेजरच आत नव्हता, तो २०१२ मध्ये ईमॅक्स २४ बरोबर आला, त्याआधी लोक एकेक फाइल हाताने आणून लोड-पाथमध्ये, म्हणजे ईमॅक्स जिथे फाइली शोधतं तिथे, टाकायचे. तेव्हा ९३ झालीच नसती.)

थीमची आठवण एकदाही आली नाही. खालच्या पट्टीत रंगीत आयकॉन दाखवणाऱ्या पॅकेजची आली, पण तेवढ्यासाठी वेगळा फॉन्ट इन्स्टॉल करायचा कंटाळा केला.

एक डॅश नावाची लायब्ररी मात्र दिसली, ही मी कधी टाकली म्हणून उडवायला गेलो तर ईमॅक्सच म्हणालं, दुसरं एक पॅकेज हिच्यावर अवलंबून आहे, उडवणार नाही. बरं बाबा, राहू दे.

आत्ता १४ आहेत. म्हणजे काल रात्रीपर्यंत होती, कारण एका मित्राने ईमॅक्समध्ये पीडीएफ वाचायचं पीडीएफ-टूल्स सुचवलं आणि त्याचा सर्व्हर आधी आपल्या मशीनवर कंपाइल करावा लागतो, तो होतोय तोवर हे लिहून काढलं.