देवगिरी, वाटाड्यासह

किल्ल्यावर वाटाड्या घ्यायचा की नाही, याबाबत मराठी माणसाची भूमिका बहुधा आधीच ठरलेली असते: घ्यायचा नाही. किल्ला आपला, इतिहास आपला, मग त्यात दुसऱ्याने काय सांगायचे, असा एक स्वाभिमान त्यामागे असतो आणि पैसे वाचतात हा त्याहून भक्कम आधारही असतो. शेजारच्या घोळक्याला वाटाड्या माहिती देत असेल, तर बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने तिथे रेंगाळावे आणि फुकटात चार गोष्टी कानांवर घालून घ्याव्यात, ही आपली जुनी रीत आहे. त्यामुळे अख्खा दिवस फक्त देवगिरीसाठी राखून ठेवणे आणि तेवढ्या दिवसापुरता एक वाटाड्या केवळ आपल्या एकटीसाठी ठरवणे, हे दोन्ही मला जरा उधळपट्टीचेच वाटत होते.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागले, की साधारण पंधरा किलोमीटरवर हा डोंगर सपाट रानातून एकाएकी वर आलेला दिसतो. येणारे बहुतेक प्रवासी एकाच दिवसात देवगिरी, खुलताबाद, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर आणि परतताना बीबी का मकबरा असे सगळे उरकतात. त्यात देवगिरीच्या वाट्याला तास-दीड तास येतो, म्हणजे चांदमिनारापर्यंत जायचे, मान वर करून बालेकिल्ल्याकडे पाहायचे, ‘बाप रे, एवढे कोण चढणार’ असे म्हणायचे आणि मागे फिरायचे. ज्या किल्ल्याची सगळी करामत त्या मिनाराच्या पलीकडे सुरू होते, त्याच्यावर हा अन्याय आहे, असे माझे मत आहे.

वाटाड्या तिथल्याच वस्तीतला होता आणि त्याचे वडीलही हेच काम करीत असत. पहिल्या दरवाजापर्यंत मी त्याच्या लेखी ‘मॅडम’ होते. हत्ती हौदापाशी पोहोचेपर्यंत ‘ताई’ झाले. त्याचे निवेदन पाठ होते आणि ते तो मराठीत सुरू करून दख्खनी उर्दूच्या वळणाने संपवीत असे. एकट्या श्रोत्याला एक अडचण असते, ती मला तिथे प्रथम कळली. प्रत्येक ठरलेल्या वाक्यानंतर तो थांबे. वीस-पंचवीस जणांतून ‘अरे बापरे’ असा उद्गार निघावा म्हणून राखलेली ती जागा होती, आणि आता ती मी एकटीने भरून काढणे भाग होते. घोळक्यात माणसाला मागे राहता येते, जांभई देता येते, फोन पाहता येतो. समोर एकच माणूस केवळ आपल्यासाठी बोलत असताना मात्र भुवई वर उचलण्याचेही भान ठेवावे लागते. पैसे मी देणार होते, पण पहिला तासभर मजुरी मीच करीत होते.

महाकोटाच्या दरवाजावर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ते बसवलेले, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. वाटाड्याने आपला पंजा दोन खिळ्यांच्या मधल्या जागेत ठेवून दाखवला आणि वरच्या ओळींकडे बोट केले. हत्तीचे कपाळ जिथे येईल तिथला एक खिळा अजूनही धारदार होता, तर खालच्या ओळीतला, माणसाच्या हाताशी येणारा खिळा येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चाचपून चाचपून गुळगुळीत केला होता. हे त्याच्या पाठ केलेल्या निवेदनात नव्हते. मी खिळा चाचपून पाहिला, तेव्हा त्यालाही ते सांगावेसे वाटले, आणि तिथून पुढे त्याची घडी हळूहळू विस्कटत गेली.

पुढची ठिकाणे त्याने भराभर दाखवली आणि मीही त्याला अडवले नाही. कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने 1318 मध्ये उभारलेल्या मशिदीत जुन्या देवळांचे खांब तसेच उभे आहेत आणि 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यानंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली. समोरचा चांदमिनार पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाह याने बांधवला. मुहंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि गावाला दौलताबाद हे नाव दिले, या प्रकरणाची आपल्याकडे इतकी थट्टा झाली आहे, की नकाशा पुढे ठेवून दख्खन सांभाळायची म्हटल्यास ही जागा वाईट नव्हती, हे सांगायला कोणी उरले नाही. चिनी महालात मात्र मी थांबले. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाह अबुल हसन 1687 मध्ये औरंगजेबाच्या हाती पडल्यानंतर मरेपर्यंत इथेच कैदेत होता. भिंतीवर निळ्या मिनाकारी फरशांचे काही तुकडे अजून टिकून आहेत. राजेपण गेल्यावर रोज सकाळी त्या निळाईकडे पाहत बसणे त्याला सुखाचे होत असेल की जाचाचे, असे मी विचारले, तेव्हा वाटाड्या म्हणाला, “ताई, हे आजपर्यंत कुणी विचारलं नाही.” हा नकार होता की कौतुक, ते त्याच्या चेहऱ्यावरून ठरवता आले नाही.

खरा देवगिरी यानंतर समोर येतो. यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे राजधानी केली. या डोंगराला चढण म्हणून राहिलेलीच नाही, कारण त्याच्या उतरणी चहूबाजूंनी तासून सरळसोट उभ्या केल्या आहेत. खाली, डोंगराच्या पायाशी, त्याच काळ्या कातळात खोल खंदक खणलेला आहे. कडा आणि खंदक हे एकाच दगडाचे दोन भाग आहेत. कातळाजवळ गेले, तर छिन्नीचे घाव दिसतात, एकाखाली एक, तिरपे, जवळजवळ सारख्या लांबीचे. नजर त्यांच्यामागून वर नेत राहिले, तर मान दुखू लागते आणि घाव संपत नाहीत. किल्ला बांधला असे आपण सहज म्हणतो. इथे भर घालण्यापेक्षा काढून टाकण्याचेच काम अधिक झाले आहे. एवढा काढलेला दगड गेला कुठे, हा माझा प्रश्न वाटाड्याला मनापासून आवडला. तटात गेला, महालांत गेला, आणि उरलासुरला आमच्या घरांच्या जोत्यांत गेला, असे तो म्हणाला. यातला शेवटचा भाग सांगताना त्याचा आवाज मालकाचा झाला होता.

खंदकावर आज लोखंडी पूल आहे आणि त्याच्याखाली जुना दगडी पूल दिसतो. शत्रू आला की खंदकातले पाणी वाढवून तो जुना पूल बुडवीत असत, असे वाटाड्याने सांगितले. पाण्यात मगरी सोडलेल्या असत, हेही त्याने सांगितले, आणि मी तेथे भुवई उचलण्यात कसर केली नाही.

पूल ओलांडून थोडे पुढे गेले, की अंधारी लागते. कातळ पोखरून केलेला हा वळणावळणांचा जिनेवजा बोगदा बालेकिल्ल्यावर जाण्याची वाट होता. पहिल्या वळणापर्यंत मागचा उजेड पायाशी असतो; दुसऱ्या वळणावर तो सुटतो आणि वटवाघळांचा उग्र दर्प नाकात भरतो. पायऱ्यांची उंची सारखी नाही. एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, मग एकदम सपाटी, आणि हे अज्ञानाने झालेले नसून मुद्दाम केलेले आहे, हे तिसऱ्यांदा अडखळल्यावर पटते. वाटाड्याने मला भिंतीला हात लावून उभे राहायला सांगितले आणि बॅटरी बंद केली. त्यानंतर त्याने जे सांगितले, ते घोळक्यातले कोणी ऐकत असेल असे वाटत नाही, कारण घोळक्यात कोणीतरी मोबाइल पेटवतोच. इथे वाट फुटते, तो म्हणाला. एका बाजूला उजेडाची तिरीप दिसते, शत्रू स्वाभाविकपणे तिकडे धावतो आणि ती वाट थेट खंदकावर उघडते. दोन तुकड्या दोन्ही अंगांनी आत शिरल्या, तर काळोखात आपल्याच माणसांवर तलवार चालवतात. त्यातूनही कोणी वर पोहोचला, तर बोगद्याच्या तोंडावर लोखंडी झाकण आणि त्यावर पेटवलेले निखारे असत, आणि भिंतीतल्या भोकातून येणारा वारा तो सगळा धूर खाली लोटीत असे. बोलताना त्याचा आवाज हलला होता. नक्की कोणत्या बाजूने येत आहे, ते मला सांगता आले नसते.

अंधारी हे या किल्ल्याचे सर्वांत बुद्धिमान काम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बाहेर उजेडात आल्यावर मला राहवले नाही आणि मी विचारले, की या अंधारीत आजवर कोणत्या शत्रूचे सैन्य अडकले? तो म्हणाला, “अंधारी होती म्हणूनच कुणी आत शिरलं नाही.” उत्तर हजरजबाबी होते आणि बरेचसे खरेही होते, कारण देवगिरी पडला तो प्रत्येक वेळी या बोगद्याला वळसा घालूनच. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी, तेव्हा तो सुलतानही झालेला नव्हता, अचानक चालून आला; यादवांचे मुख्य सैन्य बाहेर होते, रामचंद्रदेव गडावर गेला, आणि घाईघाईने वर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. राजाने तह केला. 1633 मध्ये महाबतखानाने खालचे कोट सुरुंग लावून फोडले खरे, पण बालेकिल्ला त्याला मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने उपासमारीला टेकीस येऊन आणि मोगलांकडून मोबदला घेऊन स्वाधीन केला. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो मराठ्यांकडे आला, तोही तहाच्या कागदावर. ज्या रामचंद्रदेवाचे नाव ज्ञानदेवांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी आदराने घेतले, त्याच्या गडाला कडा, खंदक, अंधारी, निखारे सगळे काही होते. कमी पडले ते जोंधळे.

वर चढताना वाटेत गणपतीचे छोटे देऊळ लागते, तिथे थोडे टेकावे. आणखी वर शाहजहानच्या काळातली बारादरी आहे आणि तिच्या सज्जातून पाहिले, की तटांच्या रांगा एकीत एक बसवलेल्या दिसतात. माथ्याजवळ जनार्दनस्वामींचे स्थान आहे. निजामशाहीत ते या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि पैठणचा एकनाथ लहान वयात त्यांच्याकडे शिकायला आला. हिशेबातली एका पैची चूक शोधण्यासाठी त्याने रात्र जागून काढली आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही परंपरेने चालत आलेली कथा वाटाड्याने तिथे सांगितली. ती सांगताना तो कोठेही थांबला नाही, उद्गारासाठी जागा राखली नाही. ही कथा तो पर्यटकांना सहसा सांगत नाही, असे त्याने नंतर स्वतःहून सांगितले. वरपर्यंत येतेच कोण, हे त्याचे कारण होते.

उतरताना मी माझ्याकडचा थोडा ऐवज त्याला दिला. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी इथे आला होता आणि इथल्या तळघरातल्या कैदखान्यात मांजराहून मोठे उंदीर आहेत, मांजरेही त्यांना घाबरून पळतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. तिथे राहिलेल्या एका कैद्यावर ते रात्री चाल करून येत असत. वाटाड्याने ही गोष्ट दोनदा वदवून घेतली, नाव तीनदा उच्चारून पाहिले. त्याचा उत्साह पाहून मी मिठाच्या पोत्यांची गोष्टही निवेदनात घालावी असे सुचवले. त्यावर त्याने क्षणभर विचार करून मान हलवली. “नाही ताई. अंधार दाखवता येतो, खंदक दाखवता येतो. पोती कुठं दाखवू?”

या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. वाटाड्याचा सगळा धंदा बोट दाखवण्यावर उभा आहे आणि उपासमारीला बुरूज नसतो.

खाली मेंढा तोफेपाशी आलो, तेव्हा तिथे एक कुटुंब मेंढ्याच्या पितळी मुंडक्यावर मुलाला बसवून फोटो काढीत होते. त्यांच्याबरोबर वाटाड्या नव्हता. आजोबांनी माझ्या वाटाड्याला, जणू सहजच, पुढे अंधारी किती लांब आहे असे विचारले आणि मग ते नाडी बांधायला वाकले. माझा ठरलेला वेळ अजून संपलेला नव्हता, पण मी काही बोलले नाही. वाटाड्याने घसा साफ केला आणि बोगद्याच्या दिशेने हात करून सांगितले, की फार पूर्वी एक इब्न बतूता नावाचा परदेशी साहेब या अंधारीत शिरला होता, आणि त्याने तिथे जे उंदीर पाहिले ते एकेक चांगले कुत्र्याएवढे होते. मग तो थांबला. आजोबा, आजी, मुलगा आणि त्याचे आईवडील यांनी मिळून ती जागा फार छान भरून काढली.