गेम मध्येच अडखळतो : लॉग वाचून सापडलेले तीन दोष

लॅपटॉप मध्यम ताकदीचा. इंटेल आय५-११४००एच, आरटीएक्स ३०५० चं ४ जीबीचं कार्ड, ८ जीबी रॅम, १८० वॅटचा अडॅप्टर. तक्रार अशी, की तोच गेम, तीच सेटिंग, पण कधी सेकंदाला ९० फ्रेम (चित्रं) मिळायच्या तर कधी ३५. मधूनच चित्र क्षणभर गोठायचं आणि पुन्हा सुरळीत व्हायचं. दिवाळी ते संक्रांत त्रास कमी, रंगपंचमी उलटली की जास्त. अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो: ड्रायव्हर बदल, विंडोज नवीन मार, कूलिंग पॅड घे. मी मात्र आधी लॉग घेतला, म्हणजे तापमान, वेग आणि वीज यांची खेळ चालू असतानाची सलग नोंद. मशीन मंदावतं तेव्हा त्याचं कारण ते स्वतःच नोंदवत असतं, फक्त ती नोंद वाचावी लागते.

त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो६४ हे सेन्सर वाचणारं सॉफ्टवेअर पुरतं. ते ‘सेन्सर्स ओन्ली’मध्ये उघडायचं, मूळचा २००० मिलिसेकंदांचा पोलिंग काळ (दोन नोंदींमधलं अंतर) ५०० वर आणायचा आणि लॉग सीएसव्ही फाइलमध्ये साठवायचा. सोबत आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअर लावून स्क्रीनच्या कोपऱ्यात फ्रेम टाइमचा, म्हणजे एक फ्रेम यायला लागणाऱ्या वेळेचा, आलेख ठेवला. सरासरी एफपीएसवर (सेकंदाला किती फ्रेम) विसंबू नका. ६० फ्रेमच्या खेळात प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात एक फ्रेम १५० मिलिसेकंदांची आली तरी सरासरी जवळपास तशीच राहते. डोळ्याला मात्र तोच झटका खुपतो. एकच सेव्ह, एकच जागा आणि सलग अर्धा तास खेळ, हा नियम ठेवला. ड्रायव्हर किंवा गेम अपडेट झाल्यावरची पहिली फेरी धरायची नाही, कारण तेव्हा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) बनत असतात आणि ते झटके आपोआप जातात. खोलीचं तापमानही प्रत्येक फेरीला लिहून ठेवलं. हे फार कमी जण करतात, पण नाशिकमध्ये ते केलंच पाहिजे. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असते, तर एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालची खोली दुपारी ३७ ला जाते. खोली १५ अंशांनी तापली, तर तेवढ्याच भारावर चिपही जवळजवळ तेवढीच वर सरकते. थंडीत ८५ वर निभावणारा प्रोसेसर मग उन्हाळ्यात १०० ला टेकतो.

लॉगमध्ये तीन प्रकारचे खड्डे, म्हणजे वेगातल्या घसरणी, दिसले आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा होता. एक दोष काढला की थोडा फरक पडतो, पण बाकीचे दोन तसेच राहतात, म्हणून असा लॅपटॉप ‘कशानेच बरा होत नाही’ असं वाटतं.

पहिला खड्डा हळूहळू पडणारा. दहा-बारा मिनिटांनी प्रोसेसर ९८ ते १०० अंशांवर चिकटला, क्लॉक (चिपचा वेग) ४.१ गिगाहर्ट्झवरून २.६ पर्यंत घसरला आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या (उष्णतेमुळे वेग आवरणं) रकान्यात ‘येस’ आलं. दुसरा खड्डा कड्यासारखा: ग्राफिक्स कार्डाची पॉवर ७० वॅटवरून एकदम २० च्या आसपास, क्लॉक कोसळलेला, आणि तापमानसुद्धा उतरलेलं. निदानाची किल्ली इथेच आहे. उष्णतेमुळे क्लॉक उतरतो तेव्हा तापमान मर्यादेला चिकटून राहतं. क्लॉक आणि तापमान दोन्ही एकत्र उतरले, तर दोष बहुधा उष्णतेचा नाही, वीज कमी मिळते आहे.

मग बॅटरीचा चार्ज रेट पाहिला. बरोबर त्याच सेकंदांना तो उणे झाला होता, म्हणजे अडॅप्टर लावलेला असूनही लॅपटॉप बॅटरीवर चालत होता. बॅटरीवर गेला की कार्डाची पॉवर कापली जाते. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे व्होल्टेज थोडंफार वरखाली झालं तर त्याला फरक पडत नाही. संशय गेला एक्स्टेन्शन बोर्डावर. तोच लॅपटॉप थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून पुन्हा लॉग घेतला आणि उणे आकडे नाहीसे झाले. बोर्ड उघडला तर सॉकेटच्या पितळी पट्ट्या पसरलेल्या, एकीवर काळा डाग. पिन सैल बसते, ठिणगी पडते, पुरवठा क्षणभर तुटतो. चांगल्या प्रतीचं ६ अँपिअरचं सॉकेट बसवल्यावर हा खड्डा बंद झाला. अशा वेळी मल्टिमीटरने अडॅप्टरचं व्होल्टेज मोजून ‘ठीक आहे’ म्हणू नये. भार नसताना कमजोर अडॅप्टरही १९-२० व्होल्ट दाखवतो. आणि अडॅप्टर गादीवर ठेवू नका, फरशीवर ठेवा.

उष्णतेसाठी मशीन उघडावं लागलं. लॅपटॉप शिफ्ट दाबून शटडाउन करायचा, अडॅप्टर काढायचा, पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरायचं. तळाचे स्क्रू कागदावर तशाच मांडणीत ठेवायचे. मागचे लांब असतात आणि ते पुढे घुसवले तर कीबोर्डच्या बाजूला उठाव येतो. झाकण प्लास्टिक कार्डाने उचकायचं आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. पंखा वरून स्वच्छ दिसला, पण तो काढल्यावर पंखा आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पात्यांमध्ये धुळीची दाट पट्टी निघाली. बाहेरून ब्लोअर मारल्याने ही पट्टी निघत नाही, उलट आत घट्ट बसते. हवा मारायचीच असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं.

हीटसिंकच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ छापलेलं असतं. सोडवताना उलट क्रमाने, बसवताना सुलट क्रमाने, आणि दोन फेऱ्यांत थोडं-थोडं आवळायचं. चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारी जुनी थर्मल पेस्ट चिपच्या मधोमध जवळपास उरलीच नव्हती, सगळी कडेला सरकलेली. लॅपटॉपची चिप उघडी असते आणि सतत तापते-निवते, त्यामुळे पातळ पेस्ट अशी बाहेर ढकलली जाते. एम. जी. रोडवर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं, त्याने चिप पुसली आणि पेस्टऐवजी पीटीएम७९५० ही उष्णता वाहून नेणारी शीट लावली. ती काही मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवली की वरची फिल्म न फाटता सुटते. तापल्यावर ती मऊ होऊन पसरते, म्हणून खरा फरक काही वेळा तापून निवल्यावरच दिसतो. मेमरीवरचे पॅड फाटलेले नसतील तर हात लावू नका. चुकीच्या जाडीचा पॅड हीटसिंक उचलून धरतो आणि मग प्रोसेसर आधीपेक्षा जास्त तापतो.

यानंतर ३६ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ९१ वर स्थिरावला. तेही मला जास्त वाटलं. अंडरव्होल्ट (चिपला कमी व्होल्टेज देणं) बायोसने, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगने, बंद ठेवलेलं होतं, म्हणून थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये कायमची पॉवर मर्यादा ४५ वरून ३८ वॅट केली आणि एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमधून फ्रेम ६० वर बांधल्या. दुपारचा आकडा ८४. पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसर ९९ टक्के करण्याचा उपाय सगळे सांगतात, पण त्याने टर्बो (गरजेला वाढणारा वेग) पूर्ण बंद होतो आणि गर्दीच्या प्रसंगात गेम रडतो. मला तो पसंत नाही.

राहिला तिसरा खड्डा, बारीक झटक्यांचा. क्लॉक ठीक, तापमान ठीक, तरी फ्रेम टाइम अचानक १२० मिलिसेकंद. टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची मेमरी ४ पैकी ३.९ जीबी भरलेली आणि शेअर्ड मेमरी वाढत चाललेली. कार्डात न मावलेलं टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) रॅममध्ये जातं, आणि इथे रॅमचे स्लॉट दोनपैकी एकच वापरात, म्हणजे सिंगल चॅनेल, रॅमशी देवाणघेवाण एकाच वाटेने. टेक्स्चर ‘हाय’वरून ‘मीडियम’ला आणलं आणि डीडीआर४ ३२०० ची दुसरी ८ जीबी पट्टी रिकाम्या स्लॉटमध्ये लावली. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये ‘ड्युअल’ दिसतंय का ते पाहून घ्या. पट्टी पूर्ण बसली नसेल तर ती मोजलीच जात नाही. वन परसेंट लो (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा एफपीएस) ३१ वरून ५४ झाला.

वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी तिच्या अटी वाचा आणि लॉगची फाइल सर्व्हिस सेंटरला सोबत न्या. नुसतं ‘गेम अडकतो’ सांगितलं तर बहुतेक ठिकाणी विंडोज नवीन मारून मशीन परत देतात. थर्मल थ्रॉटलिंगचा ‘येस’ असलेला रकाना वेळेसकट दाखवला, की त्यांना हीटसिंक उघडावाच लागतो.