आयासीचं रिट्रीव्हल: रात्रभराचं काम आता एका बैठकीत

मंडळी, आयासी (IASI) हे मेटॉप उपग्रहांवरचं इन्फ्रारेड स्पेक्ट्रम मोजणारं उपकरण. त्याच्या स्पेक्ट्रमवरून तापमान आणि बाष्पाचं प्रोफाइल (उंचीनुसारची मूल्यं) काढायचं काम, म्हणजे रिट्रीव्हल, आता साध्या लॅपटॉपवर एका बैठकीत उरकतं. आधी हाच प्रोग्रॅम रात्रभर चालायचा. लॅपटॉप तोच आहे. बदलली ती गणित सोडवायची बाजू.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: मेटॉप-ए उपग्रह ऑक्टोबर २००६ मध्ये अवकाशात गेला, त्याच्यावर आयासी पहिल्यांदा उडालं. प्रत्येक स्पेक्ट्रममध्ये ८४६१ चॅनल, दर आठ सेकंदांना १२० स्पेक्ट्रम, म्हणजे दिवसाला जवळजवळ १३ लाख. १५ मायक्रॉनजवळच्या कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्यातून तापमान मिळतं. शोषण जास्त असलेले चॅनल वरचे थर दाखवतात, कमी असलेले खालचे.

पहिली अडचण फॉरवर्ड मॉडेलची, म्हणजे दिलेल्या हवेतून स्पेक्ट्रम कसा दिसेल हे काढणाऱ्या मॉडेलची. हायट्रान या वायूंच्या शोषणरेषांच्या यादीतली एकेक रेषा मोजत बसलं, तर एका प्रोफाइललाच भरपूर वेळ जातो. आरटीटॉव्ह हे तयार सॉफ्टवेअर तेच काम रिग्रेशनवर करतं: निवडक प्रोफाइलांवर रेषावार गणित आधीच करून ठेवलेलं असतं, आणि आपल्या प्रोफाइलसाठी प्रत्येक थराची ऑप्टिकल डेप्थ (शोषणाचं माप) तयार गुणकांतून काढली जाते. जॅकोबियनसाठी (हवेतलं एखादं मूल्य थोडं बदललं तर प्रत्येक चॅनल किती बदलतो, ते आकडे) मी पूर्वी एकेक पातळी थोडी हलवून मॉडेल पुन्हा चालवत होतो. आरटीटॉव्हचं के-मॉडेल सगळ्या पातळ्यांचे डेरिव्हेटिव्ह एकाच फेरीत देतं. अजून कुणी पातळ्या हलवत असेल, तर ते आजच थांबवा.

पण खरा वेळ खात होतं ते मॅट्रिक्स. रॉजर्स यांच्या ऑप्टिमल एस्टिमेशनचं (आधीचा अंदाज आणि मोजमाप यांचा, दोघांच्या चुका लक्षात घेऊन, मेळ घालायची पद्धत) सूत्र दोन रूपांत लिहिता येतं आणि दोन्हींचं उत्तर तंतोतंत एकच. एका रूपात चॅनलांच्या मापाचं मॅट्रिक्स उलटवावं लागतं: ८४६१ गुणिले ८४६१, सात कोटींवर आकडे, डबल प्रिसिजनमध्ये ५७० एमबी, आणि तेही प्रत्येक पिक्सेलच्या प्रत्येक आवर्तनाला. दुसऱ्या रूपात अज्ञातांच्या मापाचं मॅट्रिक्स उलटवायचं. १०१ पातळ्यांवर तापमान आणि बाष्प धरलं तर २०२ गुणिले २०२. नॉइजचं मॅट्रिक्स मी सगळ्या पिक्सेलना एकच धरतो, त्यामुळे त्याचं चोलेस्की विघटन (मॅट्रिक्स त्रिकोणी तुकड्यांत फोडणं) एकदाच काढून ठेवलं की झालं. इथे एक जपा: लेव्हल १सी डेटा (वापरायला तयार मिळणारे स्पेक्ट्रम) अपोडाइज, म्हणजे थोडा गुळगुळीत, केलेला असतो, म्हणून शेजारच्या चॅनलांचा नॉइज एकमेकांशी जोडलेला असतो. नॉइजच्या मॅट्रिक्सचा नुसता कर्ण घेतला तर रिट्रीव्हल मोजमापावर नको इतका विश्वास टाकतं.

त्यावर प्रिन्सिपल कंपोनंट, म्हणजे एकत्र बदलणाऱ्या चॅनलांचं मोजक्या आकड्यांत (स्कोअर) सार. युमेटसॅट ही मेटॉप चालवणारी युरोपीय संस्था स्वतः तीन बँड मिळून ३०० स्कोअर देतं, त्यामुळे ८४६१ ची लांबी ३०० वर येते. स्वच्छ आकाशात तापमानाच्या अ‍ॅव्हरेजिंग कर्नेलचा (खरं प्रोफाइल रिट्रीव्हलमध्ये किती पुसट होऊन उतरतं ते सांगणारं मॅट्रिक्स) ट्रेस, म्हणजे मिळालेल्या स्वतंत्र माहितीची संख्या, माझ्याकडे दहाच्या मागेपुढेच येतो, म्हणजे एवढा डेटा आटवला तरी फारसं काही हातचं जात नाही. हा आकडा मला फार आवडतो. हजारो चॅनलांतून हवेबद्दल स्वतंत्रपणे कळणाऱ्या गोष्टी इतक्या मोजक्याच!

पडताळणी मुंबईवर केली, सांताक्रूझच्या रेडिओसोंडशी (बलूनला बांधून सोडलेलं मोजमापाचं यंत्र). बलून पहाटे साडेपाचचा आणि मेटॉप जातो सकाळी साडेनऊच्या सुमारास. मधल्या चार तासांत जमिनीलगतची हवा तापलेली असते, त्यामुळे खालचे थर जुळले नाहीत तर लगेच कोडला दोष देऊ नका. हिवाळ्यातलं सकाळचं इन्व्हर्जन (वर जाताना तापमान वाढतं तो थर) बलूनला टोकदार दिसतं, आयासीला गोलसर. दोघांची सरळ वजाबाकी करणं म्हणजे बलूनवर अन्याय आणि रिट्रीव्हलवरही. बलूनच्या प्रोफाइलवर आधी अ‍ॅव्हरेजिंग कर्नेल लावून घ्या, मग फरक काढा. मधल्या ट्रोपोस्फिअरमध्ये माझे दोन्ही आलेख छान जवळ आले.

आता ढग. इन्फ्रारेडला ढगाच्या आतलं दिसत नाही, म्हणून पावसाळ्याचा डेटा सध्या बाजूला ठेवलाय. मेटॉपवरच एव्हीएचआरआर कॅमेरा आहे. त्याचे बारीक पिक्सेल आयासीच्या बारा किलोमीटरच्या ठिपक्यात बसवून ढगाळ ठिपके आधीच गाळायचे, हा कोड सध्या लिहितोय. कुणी हे जिओलोकेशन जुळवून घेतलं असेल, तर कडेच्या ठिपक्यांचं, जिथे ते लांबट होतात, काय केलंत ते जरूर कळवा.