आमची वाटचाल : अठ्ठावीस ग्रॅम

आमच्या पॅकिंगच्या टेबलावर सराफ बाजारातून घेतलेला एक छोटा काटा आहे. आम्ही जिओकॉइन बनवतो, म्हणजे जिओकॅशिंगच्या खेळात लपवलेल्या डब्यांतून फिरणारी, नंबर घातलेली धातूची नाणी. पाकिटात जाणारं प्रत्येक नाणं आधी त्या काट्यावर चढतं. ३८ मिलिमीटर व्यास, ३ मिलिमीटर जाडी, पितळ, दोन्ही बाजूंना मिना (रंगीत मुलामा) : २८ ग्रॅम, अर्धा ग्रॅम इकडे तिकडे. कमी भरलं तर ते नाणं बाजूला जातं आणि का कमी भरलं हे कळेपर्यंत त्या दिवशीचं पोस्ट निघत नाही. हा नियम आम्हाला फार महागात पडला आहे.

मी मूळचा टूलरूमचा, म्हणजे कारखान्यात साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागातला माणूस. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत डाय फिटर म्हणून लागलो. डाय म्हणजे ठसा मारायचा पोलादी साचा. २०११ साली कंपनीत मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. रविवारी त्याला अंजनेरीवर घेऊन गेलो. वरच्या तळ्याकाठी डबा खाताना त्यानं खिशातून एक जाडजूड रंगीत नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाला, हे माझं नाही, एका लपवलेल्या डब्यात सापडलं, पुढच्या डब्यात ठेवायचं आहे. नाण्यावर नंबर होता. रात्री त्यानं लॅपटॉपवर तो नंबर टाकला आणि नाणं कुठून कुठून फिरत आलं ते नकाशावर दाखवलं. मी नकाशा एकदा बघितला आणि पुन्हा नाण्याकडे वळलो. कड हाताला लागत होती. दोन बाजू एकमेकींशी थोड्या फिरल्या होत्या, म्हणजे वरची डाय खालच्या डायशी नीट जुळवलेली नव्हती. मला त्या क्षणी वाटलं, आजही वाटतं, की हे काम नाशिकमध्ये याहून चांगलं होतं.

जिओकॅशिंग म्हणजे एकानं डबा लपवून जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी जीपीएसनं तो शोधायचा. त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. २ मे २००० रोजी अमेरिकेनं जीपीएसच्या सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये कोणीतरी पहिला डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. २००१ मध्ये पहिलं जिओकॉइन आलं. नंबर आपल्या मनानं टाकता येत नाही, तो हा खेळ चालवणाऱ्या सिअॅटलच्या कंपनीकडून विकत घ्यायचा. त्या नंबरांची यादी ही या धंद्याची तिजोरी आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे तीच उघडी राहिली.

डाय कापणं मला येत होतं, पण नाण्यातला जीव हातानं येतो. त्यासाठी मी काकांकडे गेलो. काका भांडी बाजारातले, भांड्यांवर नावं घालणारे. लग्नाच्या दिवसांत रोज शे-दीडशे भांडी त्यांच्या हाताखालून जायची. मांडीवर कळशी आडवी धरायची, डाव्या हातात बारीक पंच, उजव्या हातात छोटी हातोडी, आणि टिकटिकटिक करत ठिपक्यांतून 'चि. सौ. कां.' उमटत जायचं. रेघ आखलेली नसायची, तरी ओळ कधी तिरकी गेली नाही. पुढे वीजेवरचं पेन आलं, मग स्टील आलं, मग भांड्यांवर नावं घालणंच कमी झालं. मी त्यांच्यापुढे एचसीएचसीआर स्टीलचा (डायसाठी वापरतात त्या पोलादाचा) ठोकळा ठेवला तेव्हा त्यांनी तो नखानं वाजवून बघितला. "पोरा, हे कडक झाल्यावर माझ्याकडे आणू नको. नरम असतानाच आण."

तेव्हापासून तशीच पद्धत आहे. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, ०.२ मिलिमीटरच्या कटरनं डाय कोरून घ्यायची, मग काका भिंगाखाली डोळे, बोटं, पानांच्या शिरा हातानं सोडवणार, आणि मगच हीट ट्रीटमेंटला, म्हणजे तापवून कडक करायला. एकदा डाय ५८ रॉकवेलला (हे कडकपणाचं माप) गेली की तिच्यावर कोणाचंही काही चालत नाही. नवीन मुलांना सांगतो, कॉम्प्युटरवर सुंदर दिसणारी रेघ पाव मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर ती काढून टाका. मिना घासताना ती पहिली जाते. भिंतींना उतार द्या, नाहीतर नाणं डायमध्ये अडकून बसतं. आणि पितळेला एका ठोक्यात खोली मागू नका. पहिला ठोका, मग तापवून नरम करायचं, गार झाल्यावर दुसरा. घाई केली की कडेला भेग पडते.

पहिलं नाणं २०१३ मध्ये काढलं, पांडवलेण्यांच्या दर्शनी खांबांचं, १०० नग. भावात तेव्हा चुकलो. दोन्ही डाय मिळून १४,००० रुपये, म्हणजे नगामागे १४० धरले. पितळ, प्लेटिंग, रंग, लेझरचा नंबर आणि कोड मिळून २६०. चारशेला पडलं म्हणून ९ डॉलर भाव ठेवला, आणि रद्द झालेले ७ नग, पैसे वळते करण्याचं कमिशन, दर वेळी पोस्टात जाणारा अर्धा दिवस, हे काही धरलंच नाही. माझं ऐका : डायचा सगळा खर्च पहिल्या ६० नगांवर टाका, शंभरावर नको. शेवटचे ४० विकायला दोन वर्षंही लागतात. भाव सांगायला लाजू नका. आपल्याच पांडवलेण्यांच्या भिंतीवर क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) म्हणजे ३५ कार्षापण (चांदीची नाणी), हा दर एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवलेला आहे. दान सांगतानाही त्या माणसानं हिशोब मोकळा ठेवला.

आणखी एक. कस्टम्सच्या सीएन-२२ फॉर्मवर 'कॉइन' लिहू नका. टपालातून चलनी नाणी पाठवण्यावर बंधनं असतात, आणि तो शब्द दिसला की पाकीट थांबतं. आमची सुरुवातीची ११ पाकिटं अशीच चार महिन्यांनी परत आली. 'धातूचं स्मृतिचिन्ह, चलन नव्हे' असं लिहा, आत कागद ठेवा. नाण्यावर रुपयाचं चिन्ह नको, सिंहमुद्रा तर अजिबात नको, त्याला २००५ चा कायदा आहे.

त्या पहिल्या शंभरातलं तेरावं नाणं जर्मनीतल्या एका आजींनी घेतलं. त्यानंतरचं आमचं एकही नाणं त्यांनी सोडलेलं नाही. दोन घ्यायच्या, एक संग्रहाला आणि एक डब्यांत फिरायला. पैसे आले की खाली एक ओळ असायची : काकांना नमस्कार.

मग जोगलटेंभीचं नाणं आलं. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून जास्त. सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा चेहरा, त्याच्यावर तीन कमानींची टेकडी, खाली नागमोडी रेघ. दुसऱ्या बाजूला उज्जैनचं चिन्ह. पराभूत राजाचं तोंड ठशाखालून अर्धं दिसत राहतं. अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथल्या संग्रहालयात मी आणि काका तीन रविवार जाऊन बसलो. काकांनी ठरवलं की चेहरा ०.३ मिलिमीटर उथळ आणि ठसा ०.८ खोल ठेवायचा, म्हणजे बोट फिरवलं तरी कोण आधी आणि कोण नंतर हे कळलं पाहिजे. ते आमचं सगळ्यात चांगलं काम. आजही.

त्याला घासून सपाट केलेला कडक मिना हवा होता आणि नग २५० हवे होते. आमच्याकडे तेवढी भट्टी नव्हती. म्हणून एका मोठ्या शहरातल्या पुरवठादाराकडे गेलो. नाव घेत नाही, धंद्यातले लोक ओळखतील. चहा पाजला, नमुने दाखवले, 'आपलंच काम समजा' म्हणाले. डाय त्यांच्या प्रेसच्या मापाची तिथेच कापायची होती. १८,५०० रुपये रोख दिले, काका दोन दिवस तिथे राहून डाय हातानं सोडवून आले. आर्टवर्कची फाइल दिली. नंबर लेझरनं घालायचे म्हणून कोडची यादीही दिली, संपूर्ण, अॅक्टिव्हेशनच्या कोडसकट (हा कोड टाकला की नाणं टाकणाऱ्याच्या नावावर चालू होतं). करार केला नाही. माल मात्र चोख आला, २८ ग्रॅम, आणि आम्ही २०१८ च्या गणपतीत विक्री उघडली. महिन्याभरात १९० नग गेले.

दिवाळीच्या आठवड्यात आजींचं पत्र आलं. नातवासाठी आणखी एक जोगलटेंभी त्यांनी एका लिलावाच्या साइटवरून स्वस्तात घेतलं होतं. नंबर टाकला तर तो कॅनडातल्या कोणाच्या तरी नावावर आधीच चालू झालेला. आणि त्यांनी पुढे लिहिलं होतं : "पोस्टाचं तिकीट किती लागेल ते बघायला मी तुमची नाणी नेहमी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते. हे २२ ग्रॅम भरलं. तुम्ही धातू बदललात का?"

सहा ग्रॅमचा फरक कशानं पडतो हे टूलरूमच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याच आकारात पितळेऐवजी जस्त ओतलं की तेवढंच भरतं. मी ते नाणं मागवून घेतलं. टेबलावर टाकलं तर पितळ जसं लांबवर खणखणतं तसं न वाजता टक्‌ करून बसलं. चेहरा आणि ठसा एकाच उंचीवर. काकांनी हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि काही न बोलता खाली ठेवलं.

आमच्याच फाइलवरून, आमच्याच यादीतले नंबर घालून, जस्तात ओतून दुसरा माल बाजारात सोडलेला होता. एका नंबरची दोन नाणी जगात फिरत होती. ज्यानं आधी चालू केलं त्याचं ते झालं, आणि दुसरा आम्हाला चोर म्हणत होता. मेल येत राहिले, एकूण ६१. एकानं लिहिलं, भारतातून घेतलं हीच चूक. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

पुरवठादाराला फोन केला. आधी म्हणाले असं काही झालंच नाही. मग म्हणाले कामगारानं केलं असेल. डाय परत मागितली तर म्हणाले, तुम्ही 'डाय चार्जेस' दिलेत, डाय विकत घेतलेली नाही. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, लेखी काय आहे? एक पावती होती.

आम्ही त्या आठवड्यात बंद करायचं ठरवलं होतं. सौ.नं पॅकिंगचं सामान माळ्यावर टाकलं होतं. संध्याकाळी काका आले. म्हणाले, "आमच्या गल्लीत भांड्यावर चुकीचं नाव पडलं तर भांडं बदलून द्यायचे. मजुरी आपल्या अंगावर." मी म्हटलं, काका, त्यातली निम्मी भांडी आपण विकलेलीच नाहीत. ते म्हणाले, "नाव कोणाचं आहे त्यावर?"

मग सगळ्यांना लिहिलं. नाणं काट्यावर ठेवा, फोटो पाठवा. अस्सल असो की नक्कल, नव्या नंबरचं नाणं आम्ही फुकट पाठवू, पोस्टेजही आमचं. नवी डाय, नवे कोड, नवा माल, सगळं मिळून १,९०,००० रुपये अंगावर आले. ४०,००० काकांनी दिले, बाकीचे माझ्या पीएफमधून. भट्टी नाशिकमध्येच उभी केली, सातपूरला एका ओळखीच्या शेडमध्ये, आणि मिना भरायला दोन मुली शिकवून तयार केल्या. नव्या नाण्याच्या कडेवर काकांनी प्रत्येकावर हातानं, पंच आणि हातोडीनं, ठिपक्यांचा एक 'ना' घातला. ३०० नाणी, ३०० वेळा. भांड्यावर घालायचे तसाच. तो ओतकामात कधी उतरत नाही, ठिपक्याचा तळ भरून येतो.

आजींनी नवं नाणं मिळाल्यावर फक्त काट्याचा फोटो पाठवला. २८.

तेव्हापासून यादी कोणाला देत नाही. नंबर घालायचं लेझर आमचं स्वतःचं आहे. तुम्हीही बाहेर काम दिलंत तर नाणी कोरी आणून घरी नंबर घाला, आणि बिलावर 'डायची मालकी ग्राहकाची' असं लिहून सहीशिक्का घ्या. लाज वाटली तरी घ्या.

पुढची वर्षं कामात गेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं लहान पार्सलांची करसवलत काढली, आपल्याकडून तिकडचं टपाल थांबलं, दिवाळीच्या तोंडावर पुन्हा सुरू झालं. त्या दोन महिन्यांत जर्मनी, चेकिया आणि नेदरलँड्सनं आम्हाला तारलं.

आता २०२७ च्या सिंहस्थाचं नाणं चालू आहे. रामकुंडाच्या पायऱ्या आणि ध्वज. काकांचा हात आता थोडा कापतो, म्हणून ते सकाळी नऊच्या आत तासभरच डायवर बसतात, आणि मी भिंग धरतो. तेरा नंबर आजींसाठी बाजूला ठेवलेला आहे.

त्या पुरवठादारांच्या कॅटलॉगमध्ये जोगलटेंभीचं नाणं अजून छापलेलं असतं, 'आमचं डिझाइन' म्हणून. मागच्या वर्षी एका प्रदर्शनात समोरासमोर आलो. त्यांनी ओळख दाखवली नाही. काकांनी दोन दिवस बसून सोडवलेली ती डाय अजून त्यांच्या रॅकवर पडलेली आहे. १८,५०० ची पावती माझ्याकडे आहे.