वाघचौरा: तिसऱ्या पावसाळ्याची वही

यंदा वाघचौऱ्याची, या पांढऱ्या फुलांच्या रानऑर्किडची, सात झाडं. गेल्या वर्षी चारच होती. जागा साताऱ्याकडचा एक गवताळ उतार, याहून जास्त सांगणार नाही. आधी ज्या उतारावर जायचो तिथले कंद कोणीतरी खणून नेले. रिकाम्या खड्ड्यांशेजारी सुकत पडलेली पानं अजून डोळ्यांपुढे आहेत.

१७ ऑगस्ट. दोनच झाडांना कळ्या. त्यातलं एक चांगलं कमरेएवढं. बाकी पाचांना नुसती पानं, पण त्याचं वाईट वाटलं नाही. जमिनीखाली जुना कंद आटत असतो आणि शेजारी नवा भरत असतो. पानांचं वर्ष त्या कामी येतं.

२६ ऑगस्ट. पहिलं फूल! तळहाताएवढं, पांढरंशुभ्र. दोन वर्षं मी ज्यांना पाकळ्या म्हणून रेखाटत होतो ती तीन रुंद दलं म्हणजे बाहेरचं आवरण, कळी झाकणारं. खऱ्या पाकळ्या दोन, अगदी अरुंद, पांढऱ्यावर पांढऱ्या म्हणून नजरेतून निसटतात. तिसरी म्हणजे ओठ: मधे साधी पट्टी आणि दोन्ही बाजूंना बारीक चिरलेली झालर. पेक्टेलिस हे प्रजातीनाव लॅटिनमधल्या कंगव्यावरून आलंय, ते या झालरीमुळेच. मागे लोंबणारी मधाची नळी पट्टीवर १३ सेंटिमीटर भरली. (वाघचौऱ्याच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे याच प्रजातीतल्या दुसऱ्या एका ऑर्किडला, सतराव्या शतकातल्या रम्फियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या बायकोचं, सुझानाचं नाव दिलं. ते फूल तिनेच त्याला दाखवलं होतं. १६७४ साली इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरच्या भूकंपात सुझाना गेली. वाघचौरा बघताना मला दरवेळी ती आठवते.)

२ सप्टेंबर. संध्याकाळी साडेसहापासून बसून होतो. अंधारता अंधारता वास दाटला. इतक्या खोल नळीच्या तळाशी पोचायला लांब सोंडेचा पतंगच हवा, पण आठनंतर धुकं उतरलं आणि विजेरीच्या उजेडातही काही दिसेना. गवतात पाय पडू नये म्हणून आल्या पावलांवरून परतलो.

३ सप्टेंबर, सकाळ. खालून दुसऱ्या फुलात भिंगातून पाहिलं. परागपिंडांच्या (परागकणांच्या चिकट गोळ्यांच्या) दोन्ही पिशव्या रिकाम्या! काल दुपारच्या फोटोत पिवळे पिंड स्पष्ट आहेत. म्हणजे रात्री कोणीतरी येऊन गेलं.

फुलामागे देठासारखा दिसणारा पिळदार भाग हाच बीजकोश. दोन्ही झाडांचे बीजकोश मोजून ठेवलेत, ऑक्टोबरात किती फुगतात ते बघायचं.