तुम्ही विचारलंत म्हणून: नवी लेन्स आणि फूटपट्टीचे फोटो

"एवढी महागाची लेन्स आणलीस आणि फोटो कसले काढतेस, तर फूटपट्टीचे?" घरचे विचारतात, माझ्याबरोबर लग्नांना येणारी मुलं विचारतात, बाकीचे फोटोग्राफर तर हसून विचारतात. आजवर "सवय आहे" म्हणून विषय मिटवत आले. परवा मात्र एकजण म्हणाला, "तुझा स्वतःवर विश्वासच नाही." म्हणून आता सविस्तर सांगते.

कराडजवळच्या एका लग्नाला मी नवीकोरी ८५ मिलिमीटर, एफ १.८ लेन्स घेऊन गेले होते. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि फोटोत धारदार येणारा पट्टा अरुंद. अंतरपाट दूर झाला, नवरीनं मान वर केली आणि मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो देखणा दिसत होता. घरी कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला, तर डोळे मऊ. पार धूसर नव्हते, पण पापण्यांचे केस सुटे दिसत नव्हते. त्या लेन्सचे जवळजवळ सगळे फोटो तसेच. नवरी अल्बमचे फोटो निवडायला आली, बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "ताई, दागिने किती छान आलेत. मी कुठंय यात?" ती भांडली असती तर बरं झालं असतं.

लेन्स घेऊन दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसानं समोरच्या कॅलेंडरचा एक फोटो काढला, तोही उजेडात आणि एफ ८ वर, जिथं फोकसची छोटी चूक झाकली जाते, आणि मला दाखवला. "लेन्स एकदम ओके आहे, मॅडम. ८५ला हात स्थिर लागतो. लेडीजना जड जातं."

माझ्या वडिलांना कंपवात होता. हे त्या माणसाला ठाऊक असायचं कारण नाही. पण त्या दिवसापासून मी चहाचा कप उचलताना स्वतःची बोटं बघायला लागले. वडिलांचंही बोटांपासूनच सुरू झालं होतं. तो अख्खा सीझन मी ट्रायपॉड लावून आणि शटरचा वेग नको तितका वाढवून काम केलं. घरात कुणाला काही बोलले नाही.

मग एका रात्री अल्बमसाठी तोच फोटो पुन्हा मोठा केला आणि नजर नथीवर गेली. मोती ओवलेली बारीक तार, तिचा पीळ, मोत्यावर पडलेली दिव्याची तिरीप, सगळं काचेसारखं स्वच्छ. हात हलला तर नथही हलते, फोटोतलं सगळंच हलतं. इथं नथ धारदार होती आणि तिच्या मागचे डोळे मऊ. म्हणजे फोकस डोळ्यांच्या पुढं पडत होता. माझ्या हाताचा काही संबंध नव्हता. त्या रात्री मी रडले, ते सुटल्यासारखं वाटून.

दुसऱ्या दिवशी ट्रायपॉडवर कॅमेरा लावला. दोन मीटरवर पुस्तकांचा सपाट खोका उभा केला आणि त्याच्या शेजारी फूटपट्टी तिरकी ठेवली. छिद्र पूर्ण उघडं. प्रत्येक फोटोआधी फोकसची रिंग कधी अनंताला, कधी अगदी जवळ फिरवून घ्यायची, म्हणजे कॅमेऱ्याला दरवेळी नव्यानं शोधावं लागतं. ८५ला एफ १.८ वर, मोठ्या सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यात, दोन मीटरवर साधारण सहा सेंटीमीटरचीच पट्टी धारदार येते. डोळ्यांच्या पुढं तीन, मागं तीन. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून मुख्य सेन्सरनंच फोकस केल्यावर, खोक्यावरची अक्षरं टोकदार आली. व्ह्यूफाइंडरला, म्हणजे वरच्या खिडकीला, डोळा लावून घेतलेल्या फोटोंत मात्र दरवेळी फूटपट्टीचा पुढचाच भाग स्पष्ट.

माझा तेव्हाचा कॅमेरा आरशाचा, म्हणजे डीएसएलआर. त्यात हे होऊ शकतं. मोठ्या आरशामागचा छोटा आरसा थोडा प्रकाश खाली, फोकसच्या वेगळ्या सेन्सरकडे पाठवतो. ती वाट आणि मुख्य सेन्सरपर्यंतची वाट, दोन्हींची लांबी तंतोतंत सारखी हवी. बॉडीत थोडा फरक, लेन्समध्ये थोडा, दोन्ही एकाच दिशेचे असले की बेरीज होते. म्हणून तर २००७ पासून कॅनन आणि निकॉननं काही कॅमेऱ्यांत फोकस पुढं-मागं सरकवायला उणे २० ते अधिक २० अशी दुरुस्तीची सोय दिली. चूक एकाच दिशेची असेल तर ती सोय कामाला येते. फोकस कधी पुढं, कधी मागं पडत असेल तर कितीही आकडे फिरवा, उपयोग नाही.

पूर्वी मीच म्हणायचे, ज्यांना फोटो काढायचे नसतात ते चाचण्या करत बसतात. अजूनही त्यात थोडं तथ्य वाटतं. मुंडावळ्या हलत असताना कॅमेऱ्यानं डोळा सोडून त्याच पकडल्या, असंही होतं, कारण फोकसचा चौकोन दिसतो त्याहून मोठा असतो. मंडपात दोष कुणाचा, ते कळायला मार्गच नसतो. सपाट खोक्यापुढं कळतो. "मग न तपासता लग्नाला नेलीसच कशाला?" असंही मला ऐकवतात. ते मी मान्य करणार नाही. सीलबंद खोक्यातली वस्तू नीट असणं ही घेणाऱ्याची जबाबदारी नव्हे.

लेन्स सर्व्हिस सेंटरमधून नीट होऊन आली. आता माझ्याकडे मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा आहे, त्यात मुख्य सेन्सरच फोकस करतो, दोन वाटांचा प्रश्न उरला नाही. तरी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून चारही कोपरे बघते, कारण आतली एखादी काच तिरकी बसली असेल तर एकच कोपरा मऊ येतो. छिद्र लहान करताना फोकस सरकतो का, तेही बघते. त्यानंतर घेतलेल्या लेन्समध्ये काहीच दोष निघाला नाही. पुढचीही तपासणारच.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. तो जुना कॅमेरा आणि ती दुरुस्त झालेली लेन्स खिडकीच्या उजेडात बरोबर चालते, पण हॅलोजनच्या पिवळ्या प्रकाशात फोकस पुन्हा किंचित पुढं पडतो. फोकसच्या सेन्सरला लाल आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश जास्त जाणवतो, हॅलोजनमध्ये तोच जास्त असतो, आणि लेन्स प्रत्येक रंग किंचित वेगळ्या अंतरावर फोकस करते. कॅमेरा मात्र एका लेन्ससाठी दुरुस्तीचा एकच आकडा लक्षात ठेवतो. तो आकडा दिवसाचा ठेवायचा की मंडपातला, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.