अख्खी कोंबडी स्मोक करताना: धुरापेक्षा कातडी सांभाळा

परसातल्या स्मोकरवर (लाकडाच्या धुरात मांस शिजवायची झाकणाची भट्टी) पहिल्यांदा कोंबडी चढवणारे बहुतेक जण ब्रिस्केटचा, म्हणजे गोमांसाच्या छातीच्या तुकड्याचा, नियम लावतात: 225 अंश फॅरनहाइट आणि चार-पाच तासांची वाट. मांस बरं होतं, पण कातडी वातड होते, चावता चावत नाही. ब्रिस्केटमधलं चिवट कोलॅजन विरघळायला मंद आच आणि वेळ लागतो. बाजारात मिळणारी कोंबडी कोवळी असते, तिला त्याची गरज नाही. तिच्या कातडीखालची चरबी वितळायला आणि कातडी कोरडी व्हायला मात्र धग लागते. म्हणून स्मोकर 300 अंशांवर (साधारण 150 सेल्सिअस; पुढचे तापमानाचे आकडेही फॅरनहाइटमध्येच) धरा. 275 चालेल, 325 सुद्धा चालेल.

तयारी आदल्या दिवशी सुरू होते. साधारण 2 किलोची कोंबडी घ्या. पाकिटावर मिठाचं पाणी टोचल्याचा उल्लेख आहे का तेही बघा, कारण असेल तर पुढचं मीठ निम्मं करायचं. कोंबडी धुऊ नका, सिंकभर जंतू उडतात. पेपर टॉवेलने आतून-बाहेरून कोरडी पुसा. वजनाच्या 1 टक्का म्हणजे 20 ग्रॅम मीठ, 1 चमचा मिरपूड आणि 1 लहान चमचा बेकिंग पावडर एकत्र करून सगळीकडे चोळा. मीठ वजनानेच घ्या, कारण चमचाभर जाडं कोशर मीठ आणि चमचाभर बारीक मीठ यांचं वजन वेगळं असतं. बेकिंग सोडा नको, त्याने साबणासारखी चव येते. मग जाळीवर, खाली ताट ठेवून, न झाकता रात्रभर फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळी कातडी कागदासारखी कोरडी लागली पाहिजे.

आपला हात इथे सवयीने सुरीकडे आणि दह्याकडे जातो. तंदुरीसाठी ते योग्यच आहे, पण इथे चिरा पाडल्या की रस वाहून जातो आणि दह्याचा ओला थर कातडी सुकू देत नाही. आलं-लसूण हवंच असेल तर छातीवरची कातडी बोटांनी सैल करून त्याखाली भरा, वर लावलेला लसूण करपतो. काळा मसाला कोरडाच भुरभुरवला तर धुराशी छान जमतो.

आता आग. 22 इंची केटल (झाकणाची गोल कोळशाची ग्रिल) असेल तर 50 च्या आसपास ब्रिकेट (दाबून केलेले कोळशाचे गोळे) चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या उभ्या नळकांड्यात, पेटवा, पांढरी राख चढली की एका बाजूला ओता. कोंबडी दुसऱ्या बाजूला, छाती वर आणि तंगड्या निखाऱ्यांकडे, कारण मांडीला छातीपेक्षा जास्त उष्णता लागते. झाकणाची झडप कोंबडीच्या वर येईल अशी फिरवा आणि पूर्ण उघडी ठेवा. तापमान खालच्या झडपेने सांभाळा. उभा वॉटर स्मोकर असेल तर पाण्याचं भांडं फॉइल लावून रिकामंच ठेवा. पाणी असलं की तापमान वर चढत नाही आणि आत दमट हवा कोंडते. पेलेट ग्रिल (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारं) जास्त तापमानाला फार कमी धूर देतं, त्यामुळे तिथे पहिली 40 मिनिटं 225 आणि मग 350.

लाकूड सफरचंदाचं, चेरीचं किंवा पेकानचं. मुठीएवढे दोन तुकडे पुरतात. हिकरी असेल तर एकच. मेस्कीट कोंबडीला फार उग्र पडतं. चीडसारखं चिकाचं लाकूड किंवा रंग दिलेल्या फळ्या कधीच वापरू नका. लाकूड भिजवायची गरज नाही. पाणी आत मुरत नाही, फक्त वाफ होऊन आग थंडावते. लाकूड टाकल्यावर आधी दाट पांढरा धूर येतो. तो अर्धवट जळण्याचा, कडवट धूर. तो विरून फिकट निळसर झाला की मगच कोंबडी थेट फ्रीजमधून काढून ठेवा, कारण थंड पृष्ठभागावर धूर चांगला बसतो. खाऊन जीभ बधिर झाली तर समजा की हवा कमी पडली. लाकूड बदलून त्याचा उपाय होत नाही.

झाकणावरच्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो जाळीपासून उंचावरची हवा मोजतो. एक प्रोब (थर्मामीटरची तारेची सुई) जाळीवर आणि एक छातीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता. दीड ते दोन तास लागतील, पण घड्याळाकडे बघून उतरवू नका. छाती 160 आणि मांडी 175 ला पोचली की काढा. 15 मिनिटांत छाती स्वतःच्या उष्णतेने 165 (74 सेल्सिअस) गाठते. ती गाठली का ते मोजूनच कापा. या वेळात फॉइलने झाकलंत तर वाफेने कातडी पुन्हा वातड होईल.

कापल्यावर मांस गुलाबी दिसेल आणि पंगतीत कुणीतरी “कच्ची राहिली” म्हणेलच. धुरातले वायू मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगाच्या प्रथिनाशी जोडले गेले की तो रंग शिजल्यावरही टिकतो. आकडा 165 च्या वर असेल तर निर्धास्त वाढा.

सोबत अमेरिकेतल्या अलाबामाचा पांढरा सॉस जरूर करा. डिकेटर गावच्या बिग बॉब गिब्सन यांनी 1925 मध्ये तो सुरू केला आणि तिथे स्मोक केलेली कोंबडी त्यात चक्क बुडवतात. 1 कप मेयोनीज, अर्धा कप सफरचंदाचं व्हिनेगर, 1 चमचा जाडसर मिरपूड, थोडा लिंबाचा रस, मीठ. तो पातळच असायला हवा. कातडी कुरकुरीत हवी असेल तर बुडवण्याऐवजी वाटीत द्या.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. हाडं टाकू नका. त्यांचा स्टॉक पांढऱ्या रश्श्याला अप्रतिम लागतो, फक्त निम्मा साधा स्टॉक मिसळा, नाहीतर खोबऱ्याच्या दुधाची चव धुराखाली दबते.